पार्बताची दरड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सांभाराच्या, तुमच्या कोथिंबिरीच्या, जुड्या बांधणं. दुसऱ्या दिवशी हिंगणीचा बाजार होता. अंगणात पोत्यावर हिरव्या सांभाराचा ढीग, मधे पाण्याची बादली, इकडे मी, तिकडे माझी बायको पार्बता. खोकला तिला महिनाभरापासून होता, पण खोकत खोकत तिच्या चार जुड्या व्हायच्या तेव्हा माझी एक व्हायची, आणि तीही ती सोडून पुन्हा बांधायची. "जुडी बांधता का बैलाले मुसकं बांधता? घेणाराले वाटलं पाह्यजे का आत्ता वाफ्यातून काढला." मी म्हटलं, "गिऱ्हाईक जुडी पाह्यते का सांभार पाह्यते?" ती म्हणाली, "मंग तुमीच जाजा उद्या बाजारात, अन् संध्याकाळी तुमीच खाजा सगळा परत आणून." आमचं बोलणं असंच. जन्मभर टोमणे, आणि टोमण्यांच्या मधल्या जागेत काम.

मग तिनं हात थांबवला. "होळी आली," ती म्हणाली. "औंदा माह्यानं खदानीत जाणं होत नाई. तुमी जाजा. दरडीवरची रायमुनिया छाटजा. बुडातून वीतभर ठेवजा. उपटू नका."

"बरं."

"बरं नका म्हणू. ऐकलं का?"

"ऐकलं ना, बाप्पा."

ऐकलं होतं. कानानं ऐकलं होतं.

तो सांभार बाजारात गेलाच नाही. पहाटे तिला दम लागला तो थांबेना, शेजाऱ्याच्या गाडीत टाकून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. घरी आलो तेव्हा जुड्या बादलीत पिवळ्या पडल्या होत्या. होळीच्या आधी गेलेली बाई वैशाखात परत आली ती चार जणांच्या खांद्यावर जायलाच. डॉक्टर म्हणाला, फुप्फुस. आता त्यात गिट्टीची धूळ किती, चुलीचा धूर किती, गवताची खाज किती... मी कोणाचं नाव घेऊ.

माझी लेक मंदा नाचणगावला राहते, शाळेत शिकवते. ती म्हणाली, बाबा, आईवर पेपरात लिहा, मी नीट करून पाठवते. मी चवथीपर्यंत शिकलेला. मंदाला वाटलं, मी आईचे गुण लिहीन. लिहितो. पण पुरं लिहितो. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्या बाईनं माझ्याजवळ एकच गोष्ट मागितली होती, तिची दरड राखायची. तिचं मी काय केलं ते यात येईल. मंदाला सांगून ठेवलं आहे, अक्षर सुधार, गोष्ट सुधारू नको.

आमच्या गावाहून कोसभर, बोरच्या जंगलाच्या अंगाला गिट्टीची खदान आहे. वरचा मुरूम काढतात, खालचा दगड फोडतात. परवानगी देताना जंगलखात्यानं अट घातली होती का खदानीभोवतीचं तण काढायचं आणि पाखरा-जनावरांची जागा राखायची. खणलेल्या जमिनीत सगळ्यात आधी येते ते गाजरगवत. टिप्परच्या चाकाला चिकटून त्याचं बी रस्त्या-रस्त्यानं जंगलात जाते, आणि तिथं रुजलं का हरणाच्या तोंडचं गवत संपलं. तर त्या कामावर चार बाया लावल्या. दोघी वर्षभरात सोडून गेल्या, हाताला खाज, डोळ्याला पाणी. राहिल्या दोघी, पार्बता आणि आमच्या गल्लीतली चंद्रकला.

मी भाजीपाल्याचा माणूस. वांगी, मेथी, सांभार. माझ्या वाफ्यात तणाची काडी उभी दिसणार नाही, त्याचा मला गर्व. मला तिचं काम म्हणजे थट्टा वाटायची. पारावर चार लोकांत मी म्हणायचो, "घरच्या वावरातलं निंदण राह्यलं अन् आमची बुढी चालली पाखराचं आंगण झाडाले." लोक हसायचे. ते तिच्या कानावर जायचं. ती म्हणायची, "पाखरू निदान आयतं जेवून पारावर बसत नाई."

तिची निंदायची रीत मला समजायची नाही. सगळं तण ती काढायचीच नाही. गाजरगवत तेवढं फुलावर यायच्या आधी, जमिनीत ओल असताना, हाताला चिंध्या गुंडाळून मुळासकट. कुसळीला हात लावायचा नाही, त्यात तितराची पिल्लं लपतात. तरोटा अर्धा भाजीला आणायचा, अर्धा तिथंच. डबक्याच्या काठची बेशरम उपटली का उन्हात उलटी टाकायची, नाहीतर पडल्या जागी फुटते. मी म्हणायचो, तण म्हणजे तण, त्यात हे ठेव ते काढ कशाला? ती म्हणायची, "तुमच्या वाफ्यात एकटे तुमी राह्यता. तथी बमजण राह्यते."

एकदा मी तिचा डबा द्यायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. टिटवी घरटं करत नाही, उघड्या गिट्टीवर अंडी घालते, आणि अंडी दिसतात गोट्यासारखी. टिप्परच्या वाटेतच तिनं घातली होती. पार्बता टिप्परपुढे उभी. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणे, "आजी, बाजू हो ना, ट्रिप जाऊन राह्यली माही."

"तुही ट्रिप जाते, तिची पिढी जाते. तथून घाल गाडी."

"टिटवीसाठी? अपशकुनी पाखरू हाय ते, आजी."

"अपशकुनी तू, सकायपासून भोंगा वाजवून राह्यला."

खदानीचा मॅनेजर ऑफिसच्या दारात उभा होता, तोही हसला. ड्रायव्हरनं गाडी वळवली. पुढे पुढे ते ड्रायव्हरच अंड्याभोवती दगडाचं कडं करू लागले. एकानं तर फोन केला होता, "आजी, हे अंडे हायेत का गोटे? मी इथीच उभा हाय, तू ये."

पण तिचा खरा जीव होता दरडीवर. खदानीच्या मागच्या बाजूला, जिथून मुरूम काढणं बंद झालं होतं, तिथं दोन पुरुष उंचीची सरळ उभी कापलेली मुरमाची भिंत राहिली होती. तिच्यात वेडे राघू बिळं करायचे. हिरवे, चिमणीएवढे, लांब चोचीचे, उडत्या माश्या धरणारे. होळी झाली का यायचे, चोचीनं मुरूम कोरायचे, हातभर आत जाऊन अंडी घालायचे. त्या भिंतीच्या माथ्यावर, अगदी कडेला, रायमुनियाचं, म्हणजे घाणेरीचं, एक जुनं झुडूप होतं. रायमुनिया वाईटच. फळं पाखरं खातात, बी सगळीकडे पडते, एका झुडपाचं रान होते. म्हणून पार्बता दरवर्षी होळीच्या आधी ते बुडापासून वीतभर ठेवून छाटायची. फूल नाही, फळ नाही, नुसतं खोड.

मी एकदा ते पाहिलं. मला वाटलं, बाईमाणसाच्या जोरानं बुड निघत नाही म्हणून छाटते बिचारी. दरवर्षी तेच काम पुन्हा. मी तसं म्हटलंही. ती काही बोलली नाही, तिला तेव्हा खोकला आला होता का काय... किंवा तिनं सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. दोन्ही होऊ शकते.

तर ती दवाखान्यात, मंदा तिच्याजवळ, आणि मी होळीच्या दोन दिवस आधी गावाला आलो. सकाळी खदानीत गेलो. पार्बतानं विळा न्यायला सांगितला होता, मी कुदळ नेली. मनात होतं, बुढी बरी होऊन येईल तेव्हा हे काम कायमचं संपलेलं दिसलं पाहिजे. इतक्या वर्षांत मी तिला काय दिलं होतं? दुपार चढेपर्यंत खणलं. मुळं मनगटाएवढी जाड, मुरमात आत आत गेलेली, एक ओढावं तर हातभर मुरूम हलायचा. मी मुळागणिक शिव्या घातल्या आणि एक एक काढलं. भोवतालचे गवताचे ठोंबही खणून टाकले. माथा असा साफ केला का त्यावर वाफा टाकावा. बुड खांद्यावर घालून गावात आणलं आणि होळीत टाकलं. लोक म्हणाले, केवढं हे! मी म्हटलं, माझ्या बुढीच्या दरडीवरचं. ते ओलं बुड सगळ्यात शेवटी पेटलं, बम वेळ जळत होतं. मी तिथं उभा राहून पाहत होतो, आणि मला आनंद होता. हे मी लपवत नाही.

दवाखान्यात गेलो तेव्हा तिनं पहिलं तेच विचारलं. "छाटली?"

"एक नंबर काम केलं," मी म्हटलं. "पाह्यशील तं पाह्यतच राह्यशील."

तिनं डोळे मिटले. बरं वाटलं असावं.

पुढचा महिना मी कधी विसरणार नाही. डॉक्टर काही नीट सांगेना, ती काही खाईना, पण रोज दुपारी मी पोचलो का विचारायची, "राघू आले?" तिला सांगता यावं म्हणून मी रोज सकाळी खदानीत जाऊ लागलो. जन्मात पहिल्यांदा मी पाखराकडे पाहत बसलो. आधी तीन आले, दरडीसमोरच्या तारेवर बसले. मग भिंतीला लटकून कोरू लागले, मागे मुरमाची धूळ उडायची. मी बिळं मोजली, नऊ. कोणतं कोणाचं तेही ओळखू येऊ लागलं. एक राघू माशी धरून आणायचा, तारेवर आपटून आपटून मारायचा आणि मग मादीला द्यायचा. हे मी सांगितलं तेव्हा पार्बता म्हणाली, "पाहा. शिका काई." शेजारच्या खाटेवरची बाई हसली. मी खाली मान घातली, पण मलाही हसू आलं. आम्ही तासन् तास बोलायचो. खरंच सांगतो, माझ्या लग्नाच्या बाईशी मी इतकं कधी बोललो नव्हतो. नर्स म्हणायची, बाबा, आता जा ना, आजीला झोपू द्या.

मग बिळांत पिल्लं झाली. आतून बारीक आवाज येऊ लागला. ते सांगितलं त्या दिवशी ती दोन घास भात जास्त जेवली.

त्याच हप्त्यात अवकाळी आला. दुपारी आभाळ काळं झालं आणि गारा पडल्या, मग तासभर धो धो पाऊस. मी गावातच होतो. दुसऱ्या दिवशी उजाडताच गेलो. दरड नव्हती. भिंतीच्या जागी ओल्या मुरमाचा उतरता ढीग होता, माझ्या छातीपर्यंत. वरचा माथा मी जिथपर्यंत साफ केला होता तिथपर्यंतच तुटून खाली आला होता. दोन्ही बाजूंची, जिथं माझी कुदळ गेली नव्हती ती भिंत तशीच उभी. आणि राघू... चोचीत माशी घेऊन ते येत होते, जिथं बीळ होतं त्या हवेत पंख फडफडवत थांबत होते, आणि परत तारेवर जाऊन बसत होते. माशी चोचीतच. पुन्हा येत होते.

मी हातानं मुरूम उपसू लागलो. किती वेळ, माहीत नाही. वरून पुन्हा तेवढाच घसरायचा. चंद्रकला कामावर आली तेव्हा मी कोपरापर्यंत आत होतो. तिनं मला बाजूला ओढलं, वर पाहिलं, म्हणाली, "रायमुनियाचं बुड कोठी हाय?"

मी पुन्हा ढिगाकडे वळलो.

"काऊन काढलं, भाऊजी? मुळ्यायनंच तं धरली होती ना दरड. पह्यल्या वर्षी आमी तिकडच्या कोपऱ्यातली उपटली होती, पावसाळ्यात सारा कोपरा बसला. तवापासून बाई वीतभर ठेवत होती. तुमाले सांगतलं नाई का तिनं?"

"सांगतलं," मी म्हटलं.

चंद्रकला रडू लागली. मी तिला म्हटलं, "पार्बताले सांगू नको." ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

त्या दुपारी मी दवाखान्यात गेलो. पार्बतानं विचारलं, "काल गारा पडल्या म्हणते. राघू कसे हायेत?" माझ्या तोंडात खरं होतं. तिच्या नाकाला नळी होती, डोळे माझ्यावर होते. मी म्हटलं, "चांगले हायेत."

त्यानंतर तिच्या मरणापर्यंत मी रोज खोटं बोललो. रोज सकाळी त्या ढिगाजवळ जाऊन बसायचो, का निदान बसायचं तरी खोटं नसावं. दोन-तीन दिवसांनी तारेवरचे राघूही गेले. मग रिकाम्या तारेखाली बसून आज काय सांगायचं ते जुळवायचो. पिल्लाचं तोंड बिळाबाहेर दिसलं. एकाला शेपटी फुटली. एक उडालं आणि कुसळीत पडलं, मग पुन्हा उठलं. तिनं विचारलं, "कोणत्या बिळातलं?" मी म्हटलं, "डावीकडून तिसऱ्या." ती विचारायची आणि मी सांगायचो. ती जेवढं बारीक विचारायची तेवढं बारीक खोटं मला बोलावं लागायचं. कधी कधी मला वाटायचं, हिनं एकदा म्हणावं का तुमी खोटं बोलून राह्यले. मग मी सगळं सांगितलं असतं, तिथंच, फरशीवर बसून. ती तसं म्हणाली नाही. शेवटच्या दुपारी तिच्यानं बोलवत नव्हतं. तिनं बोटानं खूण केली, सांगा. मी नऊही बिळं रिकामी झाली, सगळी पिल्लं उडाली, असं सांगितलं. संध्याकाळी ती गेली.

तेरवीला बम लोक आले. खदानीतले ड्रायव्हर आले, मॅनेजर आला. टिटवीची गोष्ट सगळ्यांनी सांगितली, जो तो आपणच टिप्पर वळवला म्हणत होता. मॅनेजर म्हणाला, आजीच्या नावाचा बोर्ड लावतो दरडीजवळ. मी म्हटलं, दरड कुठे आहे? तो म्हणाला, हो, ती पावसात पडली नाही का... तरी जागा तीच ना. लोक मला म्हणत होते, बाबा, तुम्ही तिची किती सेवा केली, रोज जात होते, रोज जवळ बसत होते. मंदा सगळ्यांना सांगत होती का बाबा आईला पाखरांच्या गोष्टी सांगायचे. मी पानावर बसून होतो.

लोक गेल्यावर चंद्रकला भांडी घासत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. विचारलं, "तू सांगतलं होतं का तिले?"

तिनं वर पाहिलं नाही. "गारा पडल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी गेलती मी भेटाले. तुमी चहा प्याले खाली गेलते. माह्या तोंडाकडे पाहूनच समजली ती. मंग मले लपवता आलं नाई, भाऊजी."

"काय म्हणाली?"

"काई नाई. मी म्हटलं, भाऊजी तुह्याशी खोटं बोलून राह्यले, मी सांगतो त्यायले का तुले मालूम हाय. तं म्हणे, नको. बोलू दे त्याले, म्हणे. उभ्या जन्मात इतका बोलला नाई."

हे ऐकून मला बरं वाटावं असं मंदा म्हणते. आई तुमच्यावर रागावली नव्हती, म्हणते. असेल. पण मला कसं कळणार? तिची नऊ बिळं मी गाडली, आणि ती मला तारेवरच्या राघूबद्दल विचारत होती. ते रागावणं नसेल तर काय होतं, आणि माफ करणं असेल तर मला न सांगता कसं केलं... विचारायला आता माणूस नाही. फोटोला विचारून फोटो सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खदानीच्या ऑफिसात गेलो. मॅनेजर होता आणि जंगलखात्याचा गार्ड होता, दर काही महिन्यांनी अट पाळली का नाही ते पाहायला येतो तो. त्याच्यापुढे छापील कागद होता, दरडीचंच लिहीत होता. मी म्हटलं, "सायेब, लिहा का दरड मी पाडली."

"काय म्हणता, बाबा?"

"मी रायमुनियाचं बुड खणून काढलं. त्याच्या मुळ्यायनं माती धरली होती. म्हणून पडली. राघूची पोरं होती आत."

गार्ड हसला नाही, चांगला माणूस आहे. त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "बाबा, रायमुनिया मुळासकट काढणं ही तं आमचीच अट हाय. कागदावर हाय. तुमी चुकीचं काय केलं? मी काय लिहू, नियमानं काम केलं म्हणून दरड पडली?"

"पार्बता वीतभर ठेवत होती."

"ते कुठी लिहेल नाई ना, बाबा."

"मंग आता लिहा."

त्यानं कागद उलटून पालटून पाहिला. खरंच पाहिला, मला दाखवायला नाही. म्हणाला, "याच्यात जागा नाई तशी. पावसाचा रकाना हाय."

मॅनेजरनं मला खुर्ची दिली. म्हणाला, बाबा, दुःखात माणसाले असं वाटते, सगळं आपल्याच हातानं झालं. चहा आला. मी ग्लास धरून बसलो. बाहेर टिप्पर भरत होते, त्याचा आवाज येत होता. गार्डनं पावसाच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या, तारीख टाकली आणि कागद फिरवून माझ्यापुढे सरकवला. गावातला एक साक्षीदार लागतो, म्हणाला, आज पाठवायचा आहे, तुम्ही आलेच आहात तर... मला सही येते. मी सही केली.